पाटीवरचा फ्लेक्स

नव्या फ्लेक्सच्या शाईचा वास आला की मला कोपरीतली ती सकाळ आठवते. हातगाडीवर तवे-कढया विकून घेतलेल्या माझ्या गाळ्यावर पहिल्यांदाच माझ्या नावाची पाटी लागली होती, आणि आठवड्याभरात ती एका उमेदवाराच्या हसऱ्या फ्लेक्सखाली गेली. मी कात्री घेऊन शिडीवर चढलो, तर बायको ओरडली, "अहो, फाडू नका! उलट तुमच्यावरच केस करतील." मी दातओठ खात उतरलो आणि आचारसंहितेच्या पथकाला फोन लावला. तेवढ्यात उमेदवाराचा कार्यकर्ता कागद नाचवत आला. "शेठ, सोसायटीच्या सेक्रेटरीची ना हरकत घेतलीय." "मग त्याच्या बाल्कनीत लाव ना! गाळा माझा, लेखी परवानगी माझी लागते." "दोन दिवस राहू द्या, काहीतरी जमवू." जन्मभर घासाघीस केलेला मी म्हणालो, "आज एकच भाव. तुझ्या हातानं उतरव." पथकाच्या साहेबांनीही येऊन तेच सांगितलं. तो दोऱ्या सोडत असताना त्यांनी पंचनाम्यासाठी माझं नाव विचारलं. मी म्हटलं, "साहेब, वर बघा, आता दिसेल." सेक्रेटरीने आजवर माफी मागितलेली नाही, पण त्या दिवशी माझं नाव सरकारी माणसाने मान वर करून वाचलं.