पडद्यापलीकडची कसरत

अम्मा विहिरीच्या पायरीवरून भरल्या हंड्यासकट पडली, ती नेमकी कमरेवर. महिनाभर अंथरुणाला खिळली आणि उठली तेव्हा डाव्या अंगाला झुकलेली होती. अब्बा हिमरूच्या शाली विणायला मागावर बसत, आणि त्यांच्या सुताच्या कांड्या तीच भरायची. तेही सुटलं. पण सगळ्यात जास्त लागलं ते नमाजाचं. नीट उभं राहता येईना की वाकता येईना. पुन्हा सरळ उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

दवाखान्यात डॉक्टर पुरुष, म्हणून ती जायला तयार नव्हती. शेवटी अब्बांनी तालमीतल्या वस्तादांना घरी बोलावलं. निजामाच्या अमलातल्या आमच्या औरंगाबादेत पैलवानांचे निखळलेले खांदे आणि धरलेल्या कमरा त्यांच्याकडंच जायच्या. पण अम्माचा कडक पडदा. वस्तादांनी तिला पाहायचं नाही, तिचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही. मग मधे कोण? मी. नऊ वर्षांची.

दर जुम्याला, शुक्रवारी, वस्ताद बाहेरच्या खोलीत मला सतरंजीवर आडवं करायचे. "बेंबी आत वढ. पाठ भुईला टेकव. आता श्वास सोडत हळू कंबर उचल. आगं, घाई कशाला? जोर नाय लावायचा, ताबा ठिवायचा." ते शिकून मी पडद्याआड जायची आणि अम्मासमोर पुन्हा सगळं करून दाखवायची. मग अम्मा करायची, ओढणीचा बोळा दातांत धरून. डोळ्यांतून पाणी वाहत असायचं.

बाहेरून वस्ताद विचारायचे, "भाबीला आराम हाय का?"

अम्मा खुणेनं मला जवळ बोलवायची. "सांग, अल्लाचं करम हाय. तुमच्या मेहरबानीनं लई आराम हाय."

आमच्याकडं कुणी तब्येत विचारली की हेच सांगायचं असतं. शेवटच्या घटका मोजणारा माणूसही असंच सांगतो, आणि विचारणाऱ्याला त्यातलं काय ते कळतं. वस्ताद सरळ माणूस. ते खरं धरायचे, खूश व्हायचे आणि पुढची अवघड कसरत द्यायचे.

मला सगळं दिसत होतं. एकदा मी धीर करून म्हणाले, "अम्मा, दुखतंय म्हणून सांगू का?"

"येवढा मोठा माणूस कामधंदा सोडून येतो, आन् त्याला असं सांगायचं? तमीज नाय तुला!"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला आजही राग येतो.

दोन महिन्यांनी एका पायावर उभं राहायची कसरत आली. मी करून दाखवली. अम्मानं पाय उचलला आणि ती धाडकन खाली आली. वस्ताद धावले, पण पडद्याशी येऊन थबकले. हात पडद्याला लागला होता, तरी त्यांनी तो बाजूला सारला नाही. "पोरी, काय झालं? कुठं दुखतंय त्यांना?"

मी बाहेर आले आणि रडत रडत सगळं सांगून टाकलं.

"कवापासून दुखतंय?"

"पहिल्या दिवसापासून."

ते भिंतीला टेकून खालीच बसले. "मग मला सांगायचं नाय व्हय गं?" आवाजात राग नव्हता. मग म्हणाले, "नुसत्या श्वासापासनं पुन्हा सुरू करू. आजून येळ गेली नाय."

मी आत जाऊन विचारलं, तर अम्मानं मान हलवली. नाही. परक्या माणसासमोर आपण खोट्या ठरलो, ही शरम तिला दुखण्याहून मोठी वाटली. अब्बा रागावले, मी किती मिनतवाऱ्या केल्या. वस्ताद पुढं दोन जुम्यांना दारात येऊन उभे राहिले आणि परत गेले.

अम्मा मरेपर्यंत वाकूनच चालली. मी मात्र ती प्रत्येक कसरत दोन-दोनदा केली होती, एकदा वस्तादांसमोर आणि एकदा तिच्यासमोर. सत्तरी ओलांडली तरी माझी पाठ सरळ आहे. लग्नाकार्यात बायका पाठीवरून हात फिरवतात, कशानं इतकी सरळ राहिली म्हणून विचारतात. मला सांगवत नाही.