बिनपंखी ड्रॅगन

यंत्रमागाच्या तेलाचा वास आला की ते दिवस आठवतात. मागात अडकून वडिलांचा उजवा हात तुटला, मालकानं त्यांना घरी बसवलं आणि आईच्या विड्यांवर घर चालू लागलं. मी मोबाइलवर ड्रॅगन पाळायचा खेळ खेळायचे. त्यात बिनपंखांची नवी जात आली, तसे खेळणारे चिडले. "हा ड्रॅगन न्हाय, सरडा हाय. सोडून द्या," असं जो तो ग्रुपवर लिहीत होता. मी ते वाचून दाखवलं, तर वडील म्हणाले, "खरंय की. बिनपंखाचं कोण पोसतंय?" सुपातली विडी वळत, मान वर न करता आई म्हणाली, "मी पोसतीय की." मी माझा बिनपंखी ड्रॅगन सोडला नाही. आईच्या त्याच विड्यांवर मी बी.कॉम. झाले, आमच्या घरातली पहिली.