हॉटेलच्या हिरवळीवरचा पाहुणा

“अहो, बाहेर काढा ती मेंढरं!” मॅनेजर बोंबलत होता. सांगलीजवळच्या जुन्या तेलगिरणीचं नुकतंच हॉटेल झालं होतं आणि त्या संध्याकाळी मी तिथं गाणं ऐकायला गेलो होतो. हिरवळीवर इतकी मेंढरं घुसली होती, की गिरणीचं धुराडं तेवढं वर दिसत होतं. तांबड्या पागोट्याचा एक धनगर म्हातारा मधोमध घोंगडं अंथरून जावयाच्या ऐटीत लवंडला होता.

“बापापासनं हितंच मेंढरं बसवतोय. गिरणी मेली, मी न्हाई. उठणार न्हाई!”

“बाबा, आता हे हॉटेल आहे. इथं रात्र काढायचे पैसे पडतात!”

म्हाताऱ्यानं काठीनं हिरवळीवरच्या लेंड्या दाखवल्या.

“पैसं नगंत. रातभराच्या खताचं पायलीभर जुंधळं द्या.”