पंख्याच्या उंचीवरची भिंत

शाळेत तपासणीला साहेब येणार म्हटलं की आमच्याकडे आधी भिंतींची काळजी घेतली जाते. मुलांची नंतर, वेळ उरला तर.

कल्याणजवळच्या मोहने गावातल्या शाळेत माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. मागच्या भिंतीवर, मुलांच्या छातीइतक्या उंचीवर, मी एक पट्टा त्यांना देऊन टाकला होता. तिथे साबणाची वेष्टनं, बिस्किटांचे कागद, दुकानांच्या पाट्या बघून लिहिलेले शब्द आणि प्रत्येकाचं एखादं वाक्य चिकटवलेलं असायचं. जुनं झालं की ज्याचं त्याने काढायचं आणि नवं लावायचं. बोटं फिरून फिरून कागदांच्या कडा काळ्या पडल्या होत्या. मला त्याचं कौतुक होतं.

वर्गात गावातल्या जुन्या शेतकरी घरातली एक मुलगी होती. समोर पुस्तक धरलं की ती ओठ घट्ट मिटून बसायची. भिंतीपाशी मात्र बोट ठेवून वाचायची. आधी साबणाचं नाव, मग मैत्रिणीचं वाक्य. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिने स्वतःचं लिहून लावलं, ‘आमची म्हैस मला ओळखते.’ येता-जाता ते वाचायची, मग त्याच्या आजूबाजूचंही. आणखी थोडे दिवस मिळाले असते तर तिने आपणहून पुस्तक उघडलं असतं, याची मला खात्री होती.

मुख्याध्यापिकाबाईंनी भिंत पाहून नाक मुरडलं.

“मॅडम, हे काय रद्दीचं दुकान मांडलंय? गुरुवारी साहेब येतायत.”

“बाई, यावर एक मुलगी वाचायला शिकतेय.”

“मग नव्यावर शिकेल की. कल्याणहून मस्त फ्लेक्स करून आणतेय मी.”

रविवारी भिंत खरवडून तिला ऑइलपेंट लावला. वर फ्लेक्स चढला: एक झाड, झाडाला आंबे, आंब्यांत सुविचार आणि खाली शाळेचं नाव. तो पंख्याच्या उंचीवर ठोकायला लावला, कारण खाली असता तर पोरांनी हात लावले असते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण बाई वर बघून खूश होत्या.

सोमवारी ती मुलगी दप्तर न काढताच मागच्या भिंतीशी गेली.

“बाई, माझी म्हैस कुठं गेली?”



गुरुवारी साहेबांनी फ्लेक्सचे फोटो काढले, बाईंना शाबासकी दिली आणि नेमकं त्या मुलीलाच म्हणाले, “काहीतरी वाचून दाखव बघू.” ती उठली, सवयीने मागे गेली आणि जिथे तिचा कागद होता तिथे, रंगावर, बोट ठेवून उभी राहिली.

“वर बघ बाळ, वर,” साहेब म्हणाले.

तिने मान उंचावली. बोट तिथून हललं नाही. साहेब गेल्यावर वाचन कच्चं म्हणून बाईंनी मलाच झापलं. तो राग अजून माझ्या पोटात आहे.

पुढच्या आठवड्यात मी कपाटाच्या दाराला आतून कागद लावले, बाईंना दिसणार नाहीत असे. मुलं जमली. ती बाकावरच बसून राहिली. मी तिच्यापुढे कोरा कागद ठेवून म्हटलं, “म्हैस पुन्हा लिही ना गं.”

तिने कागद माझ्याकडे सरकवला.

“नको बाई. परत काढतील.”