मराठी काढून टाकणारा मेहुणा

रविवार, नऊ मार्च. कॉम्प्युटर दुरुस्तीची ठरलेली रक्कम शून्य. हजर माणसे तीन: मी, माझी बायको आणि ठाण्याहून जेवायला आलेला तिचा धाकटा भाऊ.

आमच्या डोंबिवलीच्या घरातला कॉम्प्युटर भरला होता. नवी फाइल साठवली जात नव्हती. बायको घरी बसून मराठी टायपिंग करते. एका वकीलबाईंनी तिला पहिल्यांदाच काम दिले होते. चौदा पानांचे प्रतिज्ञापत्र, सोमवारी सकाळी ठाण्याच्या कोर्टात हवे. वेळेवर पोचले तर पुढची कामे तिला, नाहीतर दुसरीला.

मेहुणा मोठ्या कंपनीत आयटीत आहे. दर भेटीत तो स्वतःच हे सांगतो. विंडोजऐवजी फुकटचे लिनक्स आमच्याकडे त्यानेच टाकलेले. "ताई, दोन मिनिटांचं काम," म्हणत त्याने सगळ्या प्रोग्रॅमची यादी असलेला पडदा उघडला. बाणाने खाली-वर जायचे, नको त्यावर वजा दाबायचे, हवे त्यावर अधिक, शेवटी जी ही कळ: एकदा दाबली की यादी दिसते, दुसऱ्यांदा दाबली की काम होते. बायको पुऱ्या तळायला गेली.

"हे बघा भावोजी, इंडिक फॉन्ट, इंडिक कीबोर्ड, म्हणजे मराठी-बिराठी. असला कचरा कोण वापरतं?" त्याने दोन्हींवर वजा दाबले, मग जी. काय काय जाणार ते यंत्राने ओळीने दाखवले.

"वाच तरी," मी म्हणालो.

"वाचत बसलो तर संध्याकाळ होईल. हे यस-यस करत जायचं असतं." दुसऱ्यांदा जी.

बायकोने येऊन फाइल उघडली. चौदाही पानांवर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन.

"अरे, काय केलंस! मी मराठीतच टाइप करते ना?"

"अगं, पण कॉम्प्युटरवर मराठी कोण..." तो खुर्चीवरून उठला. "पुढच्या रविवारी येतो. सगळंच नव्याने टाकावं लागेल."

"कोर्ट थांबणार आहे का रे तुझ्या रविवारपर्यंत?"

त्याने श्रीखंड दोनदा घेतले आणि गेला. आईच्या भाषेला कचरा म्हणणारा हा माणूस, आणि समोर स्वच्छ इंग्रजीत लिहिलेले होते तेही त्याने वाचले नव्हते.

मी हिशेबनीस. सही करण्याआधी वाचायचे, एवढेच मला येते. पडद्याच्या वरच्याच ओळीत कळांची माहिती होती. कधी न उघडलेल्या खेळांवर मी वजा दाबले. जी दाबून यादी वाचली, खेळच होते. ते गेले, जागा झाली. मग इंडिकच्या दोन्ही ओळींवर अधिक. पुन्हा वाचले, पुन्हा जी. चहा होईतो चौकोनांची अक्षरे झाली.

रात्री मेहुण्याचा फोन आला. "झालं ना? म्हटलं होतं मी, सोपं असतं."

सोमवारी प्रतिज्ञापत्र वेळेवर पोचले. वकीलबाईंनी बायकोला पाचशे साठ रुपये दिले, सोबत पुढचे कामही. मेहुण्याला ठरल्याप्रमाणे शून्य दिले. बाकी काही नाही.