गिटारच्या मानेवरची भेग

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर ती जाईपर्यंत नाही. आज तुम्हाला सांगून राहिली – का, ते मलाही कळत नाही.

आमचं गाव बिरसीच्या विमानतळाजवळचं. धानाच्या बांध्यांवरून, म्हणजे भातखाचरांवरून, शिकाऊ पायलटांची विमानं दिवसभर घुंईं करत फिरायची. माझा लहान भाऊ गुड्डू चिखलात उभ्या उभ्या, वर न बघताच सांगायचा, "सूर उतरला पाह्य ताई, आता खाली येते ते." आणि विमान खरंच खाली यायचं. असा त्याचा कान होता. एवढं लक्षात असू द्या.

एक हंगामभर दुसऱ्याच्या बांध्यांत राबून त्याने गोंदियाच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार आणली. लाल, चकचकीत. अन् काय ती ऐट, बाप्पा! संध्याकाळी अंगणात मी पेटीवर बसायची आणि तो बाबूजींच्या, म्हणजे वडिलांच्या, जुन्या टेपला वायर जोडून गिटार वाजवायचा. कुत्री पळायची, आई हसायची. ते अंगण अजून डोळ्यांपुढून जात नाही.

पण घरात गळा माझा होता, पेटी माझी होती – आणि पाहुणे आले की विचारायचे, गुड्डूची गिटार कुठं आहे? मला राग यायचा का? यायचा. कशाला लपवू?

दिवाळीनंतरची गावची मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, उद्यावर आली होती. गुड्डू पहिल्यांदा स्टेजवर वाजवणार होता. सगळे धान कापायला गेले होते आणि मी – हसू नका – गिटार गळ्यात घालून आरशासमोर उभी राहिले. बघायचं होतं, आपण कशा दिसतो. पट्टा सुटला. गिटार जमिनीवर उताणी पडली.

काही गिटारींचं डोकं, म्हणजे खुंट्या असतात तो शेंडा, सरळ असतं. हिचं मागे कललेलं होतं, म्हणून सगळा मार त्यालाच बसला. खुंट्यांच्या खाली, मानेवर केसाएवढी भेग गेली. पार मोडली असती तर रडत सांगितलं असतं का मी? माहीत नाही. भेग लपण्याजोगी होती, म्हणून लपवली. तारा ढिल्या केल्या, भेगेत लाकडाचा गोंद भरला, माझ्या रिबिनीने आवळून ठेवलं, नंतर वरून बुटाचं पॉलिश घासलं. मग सहाही तारा परत सुरात लावल्या, जशाच्या तशा. तेवढा कान मलाही होता ना!

मंडईत आधी दंडारीचा नाच-खेळ झाला आणि मग ऑर्केस्ट्रा सुरू झाला. तारांच्या ताणाने ती भेग उघडत गेली, डोकं पुढे झुकत गेलं आणि तारा उतरत गेल्या. गुड्डू चढवायचा, त्या परत उतरायच्या. गाणारा वळून वळून त्याच्याकडे बघायला लागला. "अबे, सुरात वाजव ना बे!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. कान चुकला तर एखादी तार चुकते – सहाच्या सहा सोबत उतरल्या की खोट लाकडात असते. हे तिथे फक्त मला माहीत होतं.

घरी भर पाहुण्यांत बाबूजी त्याच्यावर चिडले. "तुले कान आहे का नाही?" मग माझ्याकडे वळले, "तू सांग वो, तुले समजते." गुड्डूही माझ्याकडेच बघत होता. माझ्यावर भरवसा होता त्याचा.

मी म्हटलं, "त्याचा कानच कच्चा आहे, बाबूजी."

त्याने वाद नाही घातला. ताई म्हणते म्हणजे तसंच असणार. गिटार माळ्यावर गेली ती गेलीच. आरतीतही तो नुसते ओठ हलवतो. विमानं अजून फिरतात, पण त्यांच्याबद्दल तो काही बोलत नाही. मला त्याची फार आठवण येते – तो समोर असतानाही.

गेल्या दिवाळीत माझी मुलगी तिची नवी गिटार घेऊन त्याच्या ओसरीवर बसली. गुड्डू आत बैलांचा चारा काढून राहिला होता. तिथूनच म्हणाला, "तिसरी तार उतरली वाटते." आणि लगेच बाहेर येऊन त्याने मला विचारलं, "नाई का वो ताई? मले का समजते त्यातलं."

उतरली होती. मी गिटार घेतली, खुंटी पिळली, तार चढवली.

"आई, तुझा कान किती पक्का आहे गं!" मुलगी म्हणाली.

"मंग!" गुड्डू हसला, अगदी अभिमानाने. "आमच्या घरात कान एकट्या ताईलेच."

मी हो म्हटलं.