घरासकट आर्वीला

इंजिन विकायचं की ठेवायचं, हे ठरवण्यासाठी आम्ही आर्वीला निघालो. आम्ही म्हणजे मी, माझी बायको शेवंता आणि आमचं घर. लढाईनंतर लष्कराने लिलावात काढलेली एक अॅम्ब्युलन्स, तेच आमचं घर. जखमींची स्ट्रेचरं जिथे ठेवत, तिथे मी खाट ठोकली, मागे चुलीसाठी पत्र्याचा कोनाडा केला, आत तार ओढून दोन दिवे लावले. वर्ध्याला माझं बॅटऱ्या चार्ज करण्याचं दुकान आहे. त्याच्या मागच्या आवारात हे घर उभं असतं.

शेवंताचे थोरले भाऊ बापूराव आर्वीला राहतात. त्यांना पिठाची गिरणी काढायची होती आणि डोळा आमच्या या गाडीच्या इंजिनावर होता. बदल्यात वर्ध्यातल्या त्यांच्या दोन खोल्या ते आम्हाला देत होते. मी नाही म्हणत होतो. शेवटी शेवंताच म्हणाली, "एकडाव आर्वीले जाऊन येऊ. गाडी आपल्या पायानं गेली अन् आली, तं मी काई म्हणत नाई. बैलं जुपाची पाळी आली, तं खोल्यात राहाले जाऊ."

मी कबूल झालो. ज्याने आयुष्यभर लोकांच्या बंद लॉऱ्या चालू केल्या, त्याने बैलांच्या मागे आर्वीत शिरायचं म्हणजे दुकानाची पाटी स्वतःच्या हाताने उतरवण्यासारखंच.

कापसाच्या दिवसांत या रस्त्याने जाणार असाल तर पहाटेच निघा. उजाडलं की जिनिंगच्या कारखान्याकडे जाणाऱ्या बैलगाड्यांची रांग लागते आणि मग तुमच्या मोटारीचा वेग बैल ठरवतो. आम्ही चूल-भांडी आवरून निघेपर्यंत ऊन आलं होतं. देवळीला थांबलो. तिथला आलुबोंडा गरम असेल तरच घ्या, गार झालेला पोटात दगडासारखा बसतो. नवे पैसे आले तरी हॉटेलवाला अजून आण्यातच बोलतो, त्यामुळे हिशेबाला चहापेक्षा जास्त वेळ लागतो.

खाऊन गाडीत बसलो, स्टार्टर दाबला. नुसतं टक. पुन्हा दाबला, पुन्हा टक.

बॅटरी तपासली तर काठोकाठ भरलेली. तिची दोन्ही टोकं घासली, तारा आवळल्या. तरी टकच. तोवर पाच-सहा गाडीवान जमले. त्यातल्या एका म्हाताऱ्याने माझ्याकडे न बघता, खिडकीतल्या शेवंताकडे बघत विचारलं, बैल जोडू का. शेवंता माझ्याकडे बघू लागली. मी हँडल काढलं आणि समोरून फिरवलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. खांद्यातून कळ आली ती आठवडाभर राहिली.

पुलगावला पेट्रोल घेतलं, पण इंजिन बंद केलं नाही. पंपवाला कुरकुरला, शेवंताने त्याला चार संत्री दिली तेव्हा गप्प झाला. पुलगावपासून आर्वीपर्यंत छोटी रेल्वे रस्त्याची सोबत करते. तिच्या डब्यातली माणसं आपल्याला हात करतात आणि आपल्याआधी पोचतात.

दिवस बुडाला तशी खरी पंचाईत सुरू झाली. इंजिन जोरात असलं की दिवे लख्ख, मंदावलं की निखाऱ्याएवढे. हॉर्नचं बकरीसारखं बेंऽऽ. नीट लक्ष दिलं तर दिवा आणि हॉर्न दोन्ही एकाच वेळी बसत होते. म्हणजे डायनामो ठीक, बॅटरी ठीक. पण बॅटरीतली वीज गाडीला मिळत नाही. आणि पुढे कापसाच्या गाड्या, त्यामुळे वेग घेता येईना. पहिल्या गिअरमध्ये इंजिन रेटत, क्लच दाबत-सोडत मी आर्वी गाठली. एक बल्ब उडाला. शेवंता अख्ख्या वाटेत खिडकीतून कंदील बाहेर धरून बसली होती.

बापूरावांनी स्वागत चांगलं केलं. बेसनाच्या पाटोडीचा रस्सा असा की डोळ्यांतून पाणी आणि ताटावरून उठवत नाही. जेवण झाल्यावर त्यांनी टॉर्चच्या उजेडात परसातला, इंजिनासाठी बांधलेला नवा सिमेंटचा ओटा दाखवला. चार बोल्टसुद्धा वर काढून ठेवले होते.

"मापाचा आहे," ते म्हणाले. "जवाई, कंदील लावून तं बैलगाडी बी येते."

सकाळी मी गाडीखाली शिरलो. मोटारीत प्रत्येक दिव्याला परतीची वेगळी तार नसते. बॅटरीचं एक टोक गाडीच्या लोखंडाला जोडलेलं असतं आणि वीज त्या लोखंडातूनच परत येते. ती तार बॅटरीपासून तळाच्या फळ्यांवरून जाऊन, फळीतून आरपार गेलेल्या एका बोल्टला बसलेली. खालून नट पाहिला तर पक्का. फळीच्या वर, बोल्टच्या डोक्यावर मात्र आमची ट्रंक होती, म्हणून तिकडे मी कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात वर पावलं वाजली. शेवंता तिच्या वहिनीला घर दाखवत होती. वहिनी हसून म्हणत होत्या, "गाडी सारवते काऊन वं तू?"

"जिथं चूल, तिथं सारवण," शेवंता म्हणाली. "अन् ट्रंकेखाली लोखंडाचा एक खिळा आहे, त्याच्या फटीतून थंडीचा वारा येते. तिथं तं शेणाचा गोळाच भरतो मी, दर शुक्रवारी."

तो खिळा माझ्या बोटांत होता.

ट्रंक सरकवून शेण खरवडलं. तारेचं टोक हिरवं होऊन अर्धं खाल्लं गेलं होतं. नवं टोक बसवलं, बोल्ट फळीतून काढून बाहेर उघड्या लोखंडावर घेतला, कानशीने चकचकीत घासला, वर व्हॅसलीन लावलं. स्टार्टर दाबला तर इंजिन असं उठलं की बापूरावांच्या कोंबड्या भिंतीवर गेल्या.

बापूराव बाहेर आले. काय होतं, विचारलं. मी म्हटलं, जुना बोल्ट, गंजला होता. मी तिथेच थांबणार होतो.

"गंजला नाई, भाऊ," शेवंता दारातून म्हणाली. "मी सारवून सारवून खाल्ला तो."

बापूराव मोठ्याने हसले. "मंग बाईनंच मोडली गाडी. म्हणूनच म्हणतो, खोल्यात राहा."

"खोल्या तुह्या आहेत. आपलं घर सारवाचं नाई, तं कोणाचं सारवाचं?"

बापूरावांनी वहिनीकडे पाहिलं, वहिनी चहा करायला आत गेल्या. ओट्यावर पुढे त्यांनी दुसरं, पुलगावहून आणलेलं तेल-इंजिन बसवलं. गिरणी चांगली चालते.

परतीच्या वाटेत सांगण्यासारखं काही घडलं नाही. आम्ही थांबलो, खाल्लं, स्टार्टर दाबला, निघालो. जुनी गाडी घेऊन निघणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: बॅटरीवर रागावण्याआधी तिची लोखंडाला जाणारी तार दोन्ही टोकांनी उघडून पाहा आणि घरात कोण काय करतं ते विचारा.

संध्याकाळी आवारात शिरलो. नेहमीच्या जागी, भिंतीला पाठ लावून गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. शेवंता खाली उतरली, लांब जाऊन उभी राहिली आणि डोक्यावरचा पदर सावरत तिने गाडी नीट न्याहाळली.

"अशी नाई," ती म्हणाली. "फिरवा. दार पूर्वेले येऊ द्या."

मी स्टार्टर दाबला.